चार बाटल्यांची सोय करा म्हणाले, पण ९.६ हिमोग्लोबिनचं काय?

प्रश्न थोडक्यात असा : तुमच्या आईंचं वय ६८, वजन ६० किलो. नऊ वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला होता, आता तो सैल झालाय आणि रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा बदलण्याचं दुसरं ऑपरेशन, करावं लागेल असं सर्जननी सांगितलंय. हिमोग्लोबिन ९.६. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या रोज चालू. गुडघा दुखतो म्हणून वेदनाशामक गोळ्या कित्येक महिन्यांपासून. ऑपरेशन तीन आठवड्यांनी, आणि दवाखान्यातून 'चार बाटल्या रक्ताची सोय करा' असा निरोप. तुम्ही विचारताय की रक्त कमी जावं म्हणून काय करता येतं, 'रक्त गोठवायचं इंजेक्शन' स्टेंटवाल्यांना चालतं का, तुमचं स्वतःचं रक्त आईला देता येईल का, आणि सोलापुरातच करावं की पुण्याला जावं.

मी भूलतज्ज्ञ. सांधेबदलाच्या ऑपरेशनांना भूल देण्यात सोलापुरातच बरीच वर्षं गेली. हाड कसं कापायचं, कुठला सांधा बसवायचा हे सर्जनचं काम. रक्त किती गेलं, किती उरलं आणि पेशंटला ते कितपत सोसतंय याचा हिशेब मात्र टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या माणसाकडे असतो. त्या बाजूने उत्तर देतो. आईंना न तपासता लिहितोय, तेव्हा यातलं त्यांना काय लागू पडतं हे तुमचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो : ९.६ हिमोग्लोबिन घेऊन आई टेबलावर का जाताहेत? रक्तस्राव कमी करायचे उपाय आहेत, चांगले आहेत, पुढे सांगतोच. पण सगळे उपाय केले तरी रिव्हिजनमध्ये रक्त जाणारच. गेलेलं किती सोसेल हे आदल्या महिन्यात ठरतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी कुठवर पुरणार हे मे महिन्यात ठरत नाही, पावसाळा संपताना धरणात किती साठा होता त्यावर ठरतं, तसंच हे.

आकडे मांडून बघा. साठ किलोच्या स्त्रीच्या अंगात, किलोमागे ६५ मिली धरले तर, ३,९०० मिली रक्त असतं. हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवू (८ च का, ते पुढे येईल). ९.६ वरून सुरुवात केली तर ८ ला पोचेपर्यंत साधारण ६५० मिली रक्त जाऊ शकतं. १२ वरून सुरुवात केली तर १,३०० मिली. हिशेब ढोबळ आहे, पण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आम्ही असाच करतो. सर्जन तेच, गुडघा तोच, हात तेच, आणि सोसायची ताकद थेट दुप्पट. रिव्हिजनमध्ये दिसणारं आणि न दिसणारं मिळून लिटरभर, कधी त्याहूनही जास्त रक्त जाणं नवलाचं नाही. म्हणजे ९.६ ला बाटली लागणं जवळजवळ ठरलेलं, १२ ला ती टळण्याची चांगली शक्यता.

पहिल्या वेळेपेक्षा रिव्हिजनमध्ये रक्त जास्त का जातं? पहिल्या ऑपरेशनला गुडघ्यातले थर जागच्या जागी असतात. दुसऱ्या वेळी सगळं चिकटलेलं, व्रणाच्या घट्ट, लालसर पेशींनी भरलेलं. ते सोडवून काढतानाच झिरपायला लागतं. मग जुना सांधा हाडापासून सुटा करायचा, त्यामागचं सिमेंट छिन्नीने तुकड्या-तुकड्यांनी काढायचं. खाली उरतं ते उघडं, खरबरीत हाड, आणि उघड्या हाडाला टाका घालता येत नाही. नवा सांधा बहुतेक वेळा लांब दांड्याचा असतो, त्यासाठी मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची पोकळी आतून कोरावी लागते. तिथे मगज (हाडातली मज्जा) असतो, तो वाहतो. वर वेळही जास्त, दोन ते चार तास.

आणि जे सक्शनच्या (रक्त शोषून घेणाऱ्या नळीच्या) बाटलीत दिसतं तेवढंच रक्त गेलेलं नसतं. बरंचसं मांडीच्या आणि पोटरीच्या मांसात झिरपत राहतं. तिसऱ्या दिवशी पाय जांभळा-निळा झालेला बघून घरचे घाबरतात, ते हेच रक्त. म्हणून हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या संध्याकाळी बरं दिसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळ गाठतं.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. नुसता मधला प्लास्टिकचा तुकडा बदलायचा असेल तर रक्त फारसं जात नाही. दोन्ही भाग काढून दांड्याचा सांधा बसवायचा तर बरंच जातं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांधा सैल *का* झालाय. झिजून सैल झाला असेल तर एकच ऑपरेशन. आत जंतुसंसर्ग असेल तर बहुधा दोन टप्पे : आधी सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा, काही आठवड्यांनी पक्का सांधा. म्हणजे रक्त दोनदा जाणार. ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि गुडघ्यातलं पाणी सुईने काढून केलेली तपासणी झाली आहे का, हे सर्जनना विचारा. झाली नसेल तर रक्ताच्या बाटल्यांच्या आधी ती व्हायला हवी.

आता ९.६ कडे येऊ. पुष्कळ घरांत हे 'वयामुळे' म्हणून सोडून देतात. वयामुळे हिमोग्लोबिन ९.६ होत नाही. त्यामागे कारण असतं आणि ते शोधावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बाईंचं १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. जिथे बरंच रक्त जाणार अशा ऑपरेशनआधी तर आम्ही स्त्री असो की पुरुष, १३ च्या आसपास न्यायचा प्रयत्न करतो. कारण रक्त सांडताना बाई-पुरुष असा भेद होत नाही, उलट बाईंच्या अंगात रक्त मुळात कमी असतं.

तुमच्या आईंच्या बाबतीत कागदावरच एक संशयित दिसतोय. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्यावर महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळी. हे त्रिकूट जठराच्या अस्तराला ओरबाडतं आणि थेंबथेंब रक्त जात राहतं, पोट दुखेलच असंही नाही. शौचाला काळपट होते का हे आईंना स्पष्ट विचारा. आपल्याकडे बायका आपणहून सांगत नाहीत. शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी करून घ्या, आणि गरज वाटली तर दुर्बिणीतून जठर बघायला डॉक्टर सांगतील. मूळव्याध असेल तर तेही सांगा. साठीनंतर कारण सापडत नसलेल्या लोहाच्या कमतरतेत मोठं आतडंही बघावं लागतं. गुडघ्याच्या निमित्ताने आतड्यातली गाठ वेळेत सापडलेले पेशंट मी पाहिलेत.

रक्ताच्या तपासण्या फार नाहीत. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार. सोबत फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह), सीआरपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बी-१२ आणि फोलेट. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह संपलंय, वाद नाही. सीआरपी वाढलेलं असेल तर मात्र फेरिटिन खोटं बोलतं. सूज असली की ते वर चढतं, म्हणून तेव्हा १०० पर्यंतचं फेरिटिनही कमीच धरायचं आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते बघायचं. एमसीव्ही मोठा आणि बी-१२ कमी, हेही आपल्याकडे भरपूर दिसतं. आई शाकाहारी असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असतील, तर आणखीच. ते बी-१२ च्या इंजेक्शनाने सुधारतं. एमसीव्ही अगदी लहान पण फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनरची (लाल पेशी लहान राहण्याच्या आनुवंशिक दोषाची) तपासणी; त्यांना लोह देऊन काही उपयोग नाही.

लोह कमी निघालं तर तीन आठवडे हातात असताना गोळ्यांवर विसंबू नका. दोन महिने असते तर गोळी चालली असती, तीही एकाआड एक दिवस, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहाच्या आगेमागे अजिबात नाही. (सकाळच्या चहाबरोबर लोहाची गोळी घेणारे पेशंट मला रोज भेटतात, ती गोळी शौचाला काळं करण्यापलीकडे फारसं काही करत नाही.) तुमच्या वेळापत्रकात शिरेतून लोह बसतं. किती द्यायचं याचं सूत्र सोपं आहे : वजन गुणिले हवी असलेली वाढ गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. आईंना १३ वर न्यायचं म्हणजे ६० गुणिले ३.४ गुणिले २.४ अधिक ५००, साधारण ९९० मिलिग्रॅम. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचा एक ग्रॅमचा डोस सलाईनमधून एका बैठकीत देता येतो. आयर्न सुक्रोज घेतलं तर २०० मिलिग्रॅमच्या पाच-सहा बैठका. स्वस्त पडतं, पण फेऱ्या होतात. दोन्ही दवाखान्यातच घ्यायची, नंतर अर्धा तास बसून राहायचं. अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण होते. अंगात सक्रिय जंतुसंसर्ग असेल, ताप असेल, तर शिरेतून लोह थांबवतात. गुडघ्यातलं पाणी तपासण्याचा आग्रह मी धरला तो या कारणानेही.

यातून तीन-चार आठवड्यांत एक ते दोन ग्रॅमची वाढ सहसा मिळते. म्हणजे तुमच्या तारखेला आई ११ च्या आसपास असतील. सर्जनना सरळ विचारा, 'तारीख दोन-तीन आठवडे पुढे नेली तर चालेल का?' हाड मोडलेलं नसेल, जंतुसंसर्ग नसेल, तर नुसत्या सैल सांध्याला एवढी सवड बहुतेक वेळा असते. वॉकर घेऊन, जिने टाळून दिवस निघतात. सहा महिने मात्र ढकलू नका, सैल सांधा हलत हलत हाड खात जातो आणि पुढचं ऑपरेशन आणखी मोठं होतं. बीट, खजूर, गूळ, शेंगाची चटणी आणि भाकरी हे सगळं आनंदाने खाऊ द्या, पण त्यावर ९.६ चं १२ होईल अशी वाट बघू नका.

गोळ्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. चालू असताना पाठीतून भूलही देता येत नाही, मणक्यापाशी रक्त साचण्याचा धोका असतो. स्टेंटला तीन वर्षं झाल्यामुळे हृदयरोगतज्ज्ञ बहुधा थांबवायला हो म्हणतील. पण 'बहुधा' हा शब्द माझा, निर्णय त्यांचा, आणि तो लेखी आणा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी स्टेंटवाल्यांना आम्ही शक्यतो चालूच ठेवतो. त्याने रक्त थोडं जास्त जातं, स्टेंट बंद पडला तर जीव जातो. यात निवड अवघड नाही. वेदनाशामक गोळी आठवडाभर आधी बंद, तोवर पॅरासिटामॉल. ताकदीच्या, लसणाच्या, फिश ऑइलच्या कॅप्सूल आणि गुडघ्यासाठी घेतलेली काढ्याची बाटली यांची नावंही सांगा. 'ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं' म्हणून ती यादीत येत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, 'रक्त गोठवायचं इंजेक्शन'. औषधाचं नाव ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीत जास्त अंगावर जातं तेव्हा ज्या गोळ्या देतात, तेच हे. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं. ते नवी गुठळी तयार करत नाही. जखमेवर शरीराने जी गुठळी बांधलेली असते ती विरघळवणारं एक द्रव्य आपल्याच रक्तात असतं. हे औषध त्याला गुठळीला चिकटू देत नाही, म्हणून बांधलेली गुठळी टिकते. गुडघ्याच्या ऑपरेशनात, विशेषतः टूर्निके (रक्त अडवायला मांडीला आवळलेला पट्टा) सोडल्यावर, ही विरघळण्याची प्रक्रिया जोरात सुरू होते. तेवढ्यासाठीच ते इथे इतकं उपयोगी पडतं. एका औषधाने सांधेबदलातलं रक्त देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त कमी केलं असेल, तर ते हेच. किंमतही बाकी खर्चापुढे काहीच नाही.

द्यायची पद्धत साधारण अशी : चिरा घेण्याआधी शिरेतून एक ग्रॅम, टाके घालताना पुन्हा एक ग्रॅम, रिव्हिजन लांबलं तर मध्ये आणखी. शिवाय सलाईनमध्ये मिसळून थेट सांध्यात ओततात आणि काही मिनिटं तसंच ठेवतात. मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी, फिट्सचा इतिहास असेल तर जपून. स्टेंटचं म्हणाल तर २०२२ मध्ये पॉइज-३ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाशी संबंधित धोका असलेले साडेनऊ हजारांवर पेशंट, वेगवेगळ्या ऑपरेशनांचे. औषध दिलेल्यांत मोठा रक्तस्राव ९.१ टक्क्यांना झाला, न दिलेल्यांत ११.७ टक्क्यांना. हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या अशा घटना १४.२ आणि १३.९ टक्के. म्हणजे फरक अगदी थोडा, पण 'अजिबात धोका वाढत नाही' हे संख्याशास्त्राच्या कडक निकषावर सिद्ध झालं असंही नाही. माझा कल असा : स्टेंट जुना आणि स्थिर असेल तर मी देतो, गेल्या काही महिन्यांत हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात किंवा पायात गुठळी झाली असेल तर शिरेऐवजी फक्त सांध्यात टाकण्याचा विचार करतो. आईंना द्यावं असंच मला वाटतं. दिल्यामुळे येणाऱ्या धोक्यासारखाच न दिल्यामुळे येणारा धोकाही असतो, तो लोक मोजत नाहीत : रक्तक्षय झालेलं हृदय जास्त जोरात पळतं, आणि स्टेंटवाल्या हृदयाला तेच नको असतं.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली. या औषधाची काचेची कुपी पाठीत द्यायच्या भुलेच्या कुपीसारखी दिसू शकते. चुकून पाठीत गेलं तर झटके येऊन पेशंट दगावल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. म्हणून ते भुलेच्या ट्रेमध्ये ठेवायचंच नाही, पाठीतली भूल देऊन झाल्यावरच फोडायचं, असा माझ्या टेबलावर नियम आहे. तुम्हाला यात करण्यासारखं काही नाही. पण इंजेक्शन धोक्याचं की बिनधोक हे औषधाइतकंच ते हाताळणाऱ्या शिस्तीवर ठरतं, एवढं कळावं म्हणून सांगितलं.

ओटीत बाकी काय चालतं ते पटकन सांगतो. शक्य असेल तर पाठीतून भूल, त्यात रक्त थोडं कमी जातं. ब्लड प्रेशर चढू द्यायचं नाही, पण स्टेंट असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंचं फार उतरवायचंही नाही. अंग गरम ठेवायचं. ही गोष्ट साधी वाटते, पण शरीराचं तापमान एखाद्या अंशाने जरी उतरलं तरी प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि रक्तस्राव सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. आणि सोलापूरचा मे महिना, सर्जनच्या अंगावर दोन थर गाऊन, त्यांना एसी १८ वर हवा असतो. आमची रोजची लढाई तिथेच. पेशंटला गरम हवेचं पांघरूण, सलाईनही कोमट करून.

टूर्निकेबद्दल लोकांना वाटतं की मांडीला पट्टा आवळला की रक्त थांबलं, काम झालं. पट्टा असेपर्यंत मैदान कोरडं दिसतं खरं, पण सोडल्यावर साचलेला हिशेब चुकता होतो. एकूण गेलेलं रक्त फारसं कमी होत नाही. शिवाय मांडी दुखते. दोन तासांच्या वर तो ठेवायचा नसतो आणि रिव्हिजन तर दोन तासांत आटोपत नाही. म्हणून बरेच सर्जन तो फक्त सिमेंट लावताना वापरतात, किंवा टाके घालण्याआधी सोडून रक्तवाहिन्या एकेक बघून कॉटरीने (विजेच्या चटक्याने) बंद करतात. एक्स-रेमध्ये पायाच्या रक्तवाहिनीत चुना साचलेला दिसत असेल तर मुळीच न लावलेला बरा.

आणि मोजणी. रिव्हिजनमध्ये सांधा धुवायला कित्येक लिटर सलाईन वापरतात, त्यामुळे सक्शनच्या बाटलीत लालभडक पाणी भरतं आणि बघणाऱ्याला धडकी भरते. सिस्टर धुण्याचं सलाईन किती ओतलं ते फळ्यावर लिहितात, ते बाटलीतून वजा करायचं. भिजलेले मॉप (रक्त टिपायची कापडं) काट्यावर टाकायचे, कोरड्या मॉपचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. हे केलं नाही तर अंदाज दोन्ही बाजूंना चुकतो, आणि घाबरून लावलेल्या बाटल्या बहुतेक याच चुकीच्या अंदाजातून येतात. ड्रेनची (सांध्यात साचणारं रक्त बाहेर काढणारी) नळी ठेवायची की नाही यावर सर्जनांत दोन मतं आहेत. मला विचाराल तर नळी जितकी ओढते तितकं रक्त बाहेर येतं.

गेलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्रही असतं, सेल सेव्हर. जंतुसंसर्गाची शंका असली की ते वापरत नाहीत, आणि ते सगळीकडे नसतं. त्याच्यामागे धावू नका.

मग त्या चार बाटल्या? सर्जननी सांगितलं त्यात गैर काही नाही. रक्त तयार असणं वेगळं आणि ते लावणं वेगळं. रक्तपेढीत आईंचा नमुना आठवडाभर आधी द्या आणि 'अँटिबॉडी स्क्रीन' करायला सांगा. मागच्या ऑपरेशनला रक्त लावलं असेल, किंवा बाळंतपणांमुळेही, काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की जुळणारी पिशवी शोधायला दोन दिवस लागतात. हे ऑपरेशनच्या सकाळी कळून उपयोग नाही. दोन पिशव्या क्रॉसमॅच करून (आईंच्या रक्ताशी जुळवून) राखून ठेवल्या आणि बाकीच्या हाकेच्या अंतरावर असल्या, तर बहुतेक वेळा भागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा असतो, तेव्हा तारीख एप्रिल-मेमधली असेल तर आधीच बोलून ठेवा. दवाखान्याबाहेर कोणी पैसे घेऊन 'डोनर आणून देतो' म्हणाला तर सरळ निघून या; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून विकत रक्तदान बंद आहे, आणि असं रक्त सुरक्षितही नसतं.

लावायचं कधी? पूर्वी १० च्या खाली गेलं की लावायचे. २०११ मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या २,०१६ पेशंटवरची फोकस ही चाचणी आली. निम्म्यांना १० च्या खाली, निम्म्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाल्यावर रक्त. दोन महिन्यांनी चालण्यात किंवा मृत्यूत फरक नाही. माझा ८ चा आकडा तिथून आलाय. पण आकडा एकटा बघायचा नाही. छातीत दुखणं, धाप, सलाईन देऊनही नाडी १२० वर, चक्कर, असं असेल तर ८.५ लाही लावतो. एका वेळी एकच पिशवी, मग तपासायचं. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं. 'आणल्याच आहेत तर लावून टाका' असं नातेवाईकांनी म्हणू नये, डॉक्टरांनी तर मुळीच नाही. नको असलेल्या पिशवीने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि वयस्कर हृदयावर पाण्याचा भार येतो.

तुमचं रक्त आईला? भावना समजते, पण थेट देऊ नका. जवळच्या रक्ताच्या नात्यात देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे तग धरतात आणि उलट तिच्याच शरीरावर हल्ला करतात. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीवघेणं. अशी पिशवी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच द्यावी लागते. तुम्ही रक्तपेढीत दान जरूर करा. ते दुसऱ्या कोणाला जाईल आणि आईंना दुसऱ्याचं मिळेल. आईंचं स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवायचं हाही एक जुना मार्ग होता; ९.६ ला तो विषयच नाही.

पुणे की सोलापूर, यावर माझं मत : शहर नका बघू, टीम बघा. सर्जन रिव्हिजन नियमित करतात का, रक्तपेढी रात्रीही चालू असते का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हृदयरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात का. रिव्हिजनचा सांधा आणि हत्यारांचे सेट बाहेरून मागवावे लागतात, ते आदल्या दिवशी पोचून तपासलेले असावेत. ओटीत एखादा भाग नाही म्हणून थांबलेला प्रत्येक अर्धा तास म्हणजे वाहणारं उघडं हाड. ही उत्तरं सोलापुरात 'हो' मिळत असतील तर अडीचशे किलोमीटर जाऊन घरच्यांची पळापळ करण्यात मला अर्थ दिसत नाही. जंतुसंसर्ग असेल, हाड बरंच खाल्लेलं असेल, किंवा हे तिसरं ऑपरेशन असतं, तर मी कदाचित 'जा' म्हणालो असतो.

ऑपरेशननंतरचं थोडं. पहिले काही तास पाय उंच, गुडघा थोडा वाकवून, बर्फाचा शेक आणि घट्ट पट्टी; त्याने आतलं झिरपणं कमी होतं. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध सुरू करावं लागतं, पण किती तासांनी, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांना मिळून ठरवू द्या. घाईने दिलं तर गुडघा भरतो, उशीर केला तर पोटरीत गुठळी. क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायचं ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. घरी गेल्यावर ही गोळी सुरूच न केलेले पेशंट येतात. हिमोग्लोबिन पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही पट्टी भिजत असेल, तर 'थोडंच येतंय' म्हणून घरी बसू नका, दाखवा. महिन्याने पुन्हा सीबीसी आणि फेरिटिन. आणि वेदनाशामक गोळीची ती जुनी पट्टी घरातून काढून टाका.